प्रतिसाद : कोर्टाआधी प्रांत ऑफिस आहे

वर कुणीतरी लिहिलंय, ‘सांडपाण्यासाठी कोर्टात गेलात तर पिढ्या जातील.’ भीती खरी आहे, पण प्रत्येक वेळी हायकोर्ट गाठावं लागत नाही. मध्य प्रदेशातल्या रतलामच्या लोकांनी उघडी गटारं आणि घाणीविरुद्ध तिथल्या मॅजिस्ट्रेटकडेच अर्ज केला होता. नगरपालिका ‘पैसे नाहीत’ म्हणत सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि १९८० साली हरली. पैशांची सबब चालणार नाही, असं न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी स्पष्ट सांगितलं. सार्वजनिक उपद्रव हटवायचा हुकूम देणारं फौजदारी प्रक्रिया संहितेतलं तेव्हाचं कलम १३३ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १५२ झालंय. आपल्याकडे हा अर्ज प्रांतांकडे, म्हणजे उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे, करता येतो.

आमची वाडी खाडीकाठी. वरच्या अंगाला लॉजं झाली, त्यांचं पाणी वहाळात सुटलं. ग्रामपंचायतीला तोंडी सांगून थकलो. मग आरोग्यसेविकेने विहिरीचं पाणी तपासणीच्या बाटलीत भरून दिलं, ती दुसऱ्या दिवशी काळीकुट्ट, म्हणजे पाण्यात मैला मिसळल्याची खूण! ती बघून बायका ग्रामसभेत उठून बोलल्या, म्हणून ठराव झाला. हा ठरावाचा कागद फार मोलाचा हो.

तेव्हा आधी पुरावा धरा : जिल्हा प्रयोगशाळेचा अहवाल, तारखेसह फोटो, जुलाबाच्या रुग्णांचे केसपेपर (त्यांना विचारूनच). प्रत्येक अर्जाची पोच घ्या. आणि पावसाआधी नमुना घ्याच, कारण जुलैत सगळं वाहून जातं आणि साहेब म्हणतात, ‘कुठंय घाण?’