एनिड ब्लायटन यांच्या रहस्यकथांची जुनी भाषा बदलावी का?

जुनीवही (धागाकर्ती) :
मुलांसाठी लिहिणाऱ्या इंग्रज लेखिका एनिड ब्लायटन यांच्या 'फेमस फाइव्ह' या २१ पुस्तकांच्या मालिकेची (१९४२ ते १९६३) भाषा प्रकाशकांनी २०१० साली आजच्या मुलांसाठी म्हणून बदलली. 'मदर अँड फादर'चे 'मम अँड डॅड' झाले, 'स्कूल ट्यूनिक'चा 'युनिफॉर्म' झाला आणि 'हाउसमिस्ट्रेस' नुसती 'टीचर' होऊन राहिली. वाचकांना हे रुचले नाही आणि २०१६ मध्ये प्रकाशकांनीच माघार घेतली, ती माझ्या मते योग्यच होती. शाळकरी वयात मला 'जिंजर बिअर' म्हणजे काय हे ठाऊक नव्हते. घरी विचारले तेव्हा 'बिअर' या शब्दावरून आधी बोलणी खाल्ली आणि ते आल्याचे गोड, फेसाळ पेय असते हा उलगडा कित्येक महिन्यांनी झाला. तोवर भुयार आणि जुना नकाशा यांच्याइतकेच ते पेयही माझ्यासाठी रहस्याचा भाग होऊन बसले होते. अडलेला प्रत्येक शब्द मुलांच्या वाटेतून उचलून टाकण्याची घाई मोठ्यांनाच असते.

चौकस :
'ट्यूनिक'वरून भांडणे सोपे आहे, पण खरी अडचण शब्दांची नसून दृष्टीची आहे. १९६० साली मॅकमिलन या प्रकाशनसंस्थेने ब्लायटनबाईंचे एक हस्तलिखित नाकारले, कारण चोर परके, म्हणजे परदेशी, आहेत एवढेच त्यांच्या गुन्हेगारीचे पुरेसे कारण मानलेले दिसते, असा आक्षेप तिथल्या परीक्षकाने नोंदवला होता. तेव्हा बाई कीर्तीच्या शिखरावर होत्या, आणि पुढच्याच वर्षी दुसऱ्या प्रकाशकाने ते पुस्तक काढलेही. म्हणजे जे त्या काळातल्याच लोकांना खटकले होते, त्यावर 'काळच तसा होता' हे पांघरूण आपण कोणत्या तोंडाने घालणार? दहा वर्षांच्या मुलाच्या हातात ते जसेच्या तसे देणे मला पटत नाही.

पानगळ :
चौकस यांच्याशी सहमत आहे, आणि त्यात एक भर घालते. ब्लायटन मांडीवर टंकलेखनयंत्र घेऊन बसत, डोळे मिटत आणि गोष्ट पडद्यावर दिसावी तशी दिसू लागली की ती उतरवत जात, असे त्यांनी स्वतःच पीटर मकेलर या मानसशास्त्रज्ञाला पत्रांतून कळवले होते. अशा वेगात कागदावर उतरलेला मजकूर म्हणजे काही ज्ञानेश्वरीची ओवी नव्हे की तिचा काना-मात्राही हलवू नये. शिवाय १९४२ मधल्या घटस्फोटानंतर ह्यू पोलॉक या आपल्या पहिल्या पतीला मुलींपासून दूर ठेवणाऱ्या आणि मुलांच्या जगातून अवघड ते सारे वगळून टाकणाऱ्या लेखिकेच्या मजकुरातून थोडेसे वगळले, तर तिला तक्रार करण्याचा फारसा अधिकार उरत नाही.

तळघर :
शेवटचे वाक्य चटकदार असले तरी युक्तिवाद म्हणून ते लंगडे आहे. त्यांच्या दोन मुलींचेच आईविषयी एकमत नव्हते. इमोजेन यांनी फार कडवट लिहिले, तर जिलियन यांना ती प्रेमळ वाटली. घरातला न्यायनिवाडा करून पुस्तकाला शिक्षा कशी देणार? आता वेगाबद्दल. २०१० च्या आवृत्तीत 'फेमस फाइव्ह'मधल्या डिकच्या तोंडच्या 'जॉली लोन्ली'मधला 'जॉली' (म्हणजे 'फारच') गेला आणि उरले ते कोणीही बोलेल असे वाक्य. घाईत लिहिणाऱ्याची लय अशा फुटकळ शब्दांतच असते. ब्लायटन यांच्याच दुसऱ्या, १५ पुस्तकांच्या मालिकेतला फॅटी पाहा : फ्रेडरिक अल्जर्नन ट्रॉटव्हिल या नावाच्या इंग्रजी आद्याक्षरांतूनच (एफ-ए-टी) हे टोपणनाव पडते. लठ्ठपणावरची टिंगल मलाही आवडत नाही, पण ती काढायला गेलो तर पात्राचे नावच बदलावे लागेल.

आणि 'फेमस फाइव्ह'मध्ये भांडी नेहमी ॲन ही मुलगीच का आवरते, हा प्रश्न मला पडला तो तिच्या शेजारी जॉर्ज ही दुसरी मुलगी होती म्हणून. जॉर्जिना म्हटले की ती ओ देत नाही, केस आखूड ठेवते आणि मुलगी असल्याचे कुणी ऐकवले की चवताळते. जॉर्ज म्हणजे आपणच, असे पुढे ब्लायटन यांनी मान्य केले होते. ते टोमणे गाळले तर ती चिडते कशावर?

जुनीवही :
परक्या चोरांच्या बाबतीत चौकस यांचे म्हणणे मला मान्य करावे लागेल. जिंजर बिअरचा दाखला तिथे लागू पडत नाही. तरीही मजकुराला हात लावण्याऐवजी त्या पुस्तकाच्या सुरुवातीला परीक्षकाचा तो १९६० मधला आक्षेपच छापावा असे मला वाटते. गुप्तहेरगिरी शिकायला बसलेल्या मुलांना हा पुरावा आधीच हाती मिळालेला आवडेल.

चौकस :
छापा, पण मुले प्रस्तावना वाचत नाहीत. मी तरी कधी वाचली नाही.