टाउन मीटिंगमध्ये मोकळ्या जमिनींसाठी आणि तळ्यांसाठी दिलेली मते : मॅसॅच्युसेट्समधील अनुभव

मॅसॅच्युसेट्समधील बहुतेक गावांचा कारभार आजही टाउन मीटिंगमधून, म्हणजे खर्च व ठराव मंजूर करणाऱ्या गावसभेतून चालतो, आणि खुली सभा असलेल्या गावात प्रत्येक नोंदणीकृत मतदाराला तिथे बोलण्याचा व मत देण्याचा थेट अधिकार असतो. गावालगतची शेतजमीन विकत घ्यावी का, शेवाळाने भरलेल्या तळ्यावर खर्च करावा का, हे तिथेच ठरते. इथल्या मराठी कुटुंबांपैकी ज्यांनी अशा ठरावांवर मत दिले, बाजू मांडली किंवा समितीवर काम केले, त्यांनी आपले अनुभव लिहावेत. निकालाबरोबरच सभागृहात काय झाले आणि पैसा कुठून आला, हेही सांगावे.

कम्युनिटी प्रिझर्वेशन समितीच्या माजी सदस्या, मिडलसेक्स काउंटी

पैशाचे आधी सांगते, कारण सभेतले बरेचसे वाद त्याच्याच गैरसमजातून होतात. २००० सालच्या कम्युनिटी प्रिझर्वेशन ॲक्टनुसार गाव मालमत्ता करावर जास्तीत जास्त ३ टक्के अधिभार लावू शकते आणि त्यात राज्याच्या निधीतून भर पडते. तो निधी मुख्यतः दस्तनोंदणीच्या शुल्कातून उभा राहतो. वार्षिक उत्पन्नापैकी किमान १० टक्के रक्कम मोकळ्या जागांसाठी, तेवढीच ऐतिहासिक वास्तूंसाठी आणि तेवढीच परवडणाऱ्या घरांसाठी खर्च करावी किंवा राखून ठेवावी लागते. हा पैसा कशावर आणि किती खर्चावा याची शिफारस आमची समिती करते. टाउन मीटिंग ती रक्कम कमी करू शकते किंवा फेटाळू शकते, वाढवू शकत नाही.

तळ्यांची अडचण याहून अवघड आहे. नेहमीची देखभाल या निधीतून करता येत नाही. त्यामुळे दर उन्हाळ्यात पाणवनस्पती उपसण्याचा खर्च मागणारा अर्ज आला की तो आम्हाला परत पाठवावा लागे, आणि वर्षानुवर्षे त्या काठावर राहिलेली माणसे दुखावून जात. तळ्याला हानीपासून वाचवणारे काम कोणते आणि दरवर्षीची साफसफाई कोणती, यावर गावाच्या वकिलांशी फार काथ्याकूट होई. २००८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने न्यूटन शहरातल्या उद्यानांच्या प्रकरणात जुन्या जागेच्या सुधारणेसाठी हा पैसा वापरायला नकार दिला. २०१२ मध्ये विधिमंडळाने कायदा बदलून मैदाने व उद्यानांना वाट करून दिली. मोकळ्या जागांना मात्र तशी सरसकट मुभा मिळाली नाही, आणि बहुतेक तळी त्यांतच मोडतात. माझ्या मते ही तरतूद तळ्यांवर अन्याय करणारी आहे.

केप कॉडवर स्थायिक झालेले निवृत्त रसायनतज्ज्ञ

केप कॉड या समुद्रात शिरलेल्या द्वीपकल्पावरची बहुतेक तळी हिमनदी मागे हटताना वाळूत गाडल्या गेलेल्या बर्फाच्या प्रचंड तुकड्यांच्या जागी तयार झाली. त्यांतल्या बहुतेकांना ओढा किंवा नदी येऊन मिळत नाही. भूजलच त्यांना पाणी पुरवते. आसपासच्या घरांच्या सेप्टिक टँकमधून आणि हिरवळीवर टाकलेल्या खतांतून झिरपणारा फॉस्फरस तळ्यात येतो, गाळात साठतो, आणि उन्हाळ्यात तळाशी प्राणवायू संपला की गाळातून सुटून पुन्हा पाण्यात मिसळतो. मग काठाशी हिरवा रंग सांडल्यासारखा सायनोबॅक्टेरियाचा (निळ्या-हिरव्या, कधी विषारी शेवाळाचा) थर दिसू लागतो, पोहणे बंद होते, आणि कुत्र्यांना पाण्यात सोडू नका अशी पाटी लागते.

यावर ॲल्युमिनियमचे क्षार वापरतात. माठातल्या पाण्यात आपण फिरवतो त्या तुरटीच्याच कुळातले हे पदार्थ. येथे मुख्य काम असते ते गाळातल्या फॉस्फरसला बांधून ठेवण्याचे. ब्रूस्टर आणि हारविच यांच्या सीमेवरच्या लाँग पाँडमध्ये २००७ मध्ये हा उपचार झाला. बार्नस्टेबलच्या हॅम्ब्लिन पाँडमध्ये तो १९९५ मध्ये झाला होता आणि २०१५ मध्ये पुन्हा करावा लागला. एका उपचाराने दोन दशके मिळाली, हे थोडे नाही. पण वरून येणारा फॉस्फरस थांबला नाही तर पुढच्या पिढीलाही तोच खर्च मंजूर करावा लागेल. म्हणून २०२१ मध्ये ब्रूस्टरच्या मतदारांनी विशेष टाउन मीटिंगमध्ये सी कॅम्प्स या जुन्या उन्हाळी शिबिराच्या समुद्राकडील जागेसाठी २ कोटी डॉलर आणि लाँग पाँडच्या काठावरील जागेसाठी ६० लाख डॉलर मंजूर केले, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. काठावर जितकी जास्त झाडी राहील तितके तळ्यात कमी झिरपेल. जमीन घेणे आणि तळे वाचवणे ही माझ्या लेखी दोन कामे नाहीतच.

ग्रीन कार्डधारक, वूस्टर काउंटी

नागरिक नसल्यामुळे मला मत देता येत नव्हते. आमच्या गावात मतदार नसलेल्यांना बाजूला, दोरी लावलेल्या भागात बसवतात, आणि मॉडरेटरने, म्हणजे सभा चालवणाऱ्याने, सभेची संमती घेतली तरच बोलता येते. मी संमती मागितली, ती मिळाली, आणि तळ्यालगतच्या शाळेतल्या मुलांबद्दल मी बोललो. मत नसलेल्या माणसाचे त्या सभेने शांतपणे ऐकून घेतले, याचे मला फार अप्रूप वाटते.

शेताच्या शेजारी राहणारी गृहिणी, एसेक्स काउंटी

आमच्या तळ्याच्या वरच्या अंगाला एक शेत होते. शेतीसाठी करसवलत घेतलेली जमीन घरबांधणीसाठी विकायची झाली, तर तितक्याच किमतीत ती घेण्याचा पहिला हक्क गावाला असतो, पण निर्णयासाठी १२० दिवसच मिळतात. तेवढ्या अवधीत जमिनीचे मूल्यांकन, फायनान्स कमिटीची सुनावणी आणि विशेष सभा उरकायची होती. शेजारच्या ताईंनी आणि मी ओट्यावर वॉरंट (सभेपुढच्या विषयांची छापील यादी) पसरून प्रत्येक घराला वर्षाला किती कर जास्त पडेल, तो आकडा काढला आणि तोच घरोघर सांगत फिरलो.

कर्ज काढायचे असल्याने दोन-तृतीयांश मते हवी होती. शाळेच्या व्यायामशाळेत सगळ्यांनी पिवळी कार्डे वर धरली. मोजणारे रांगेरांगेतून हळूहळू पुढे सरकत होते आणि हात दुखू लागले तरी कोणी ते खाली घेत नव्हते. ठराव मंजूर झाला. मात्र १९८० च्या मतदानाने आलेल्या मालमत्ता करावरील अडीच टक्क्यांच्या मर्यादेबाहेर हे कर्ज ठेवायचे असल्याने मतपेटीतूनही कौल घ्यावा लागला, आणि तिथे ठराव पडला. विरोधात मत देणाऱ्यांत निवृत्तिवेतनावर जगणारे अनेकजण होते आणि त्यांची अडचण खरी होती. शेत गेले. आता त्या उतारावर उरलेला छोटा दलदलीचा पट्टा तरी कॉन्झर्व्हेशन कमिशनच्या (गावाच्या निसर्गसंरक्षण मंडळाच्या) ताब्यात यावा, यासाठी आम्ही नवा अर्ज तयार केला आहे. तो कर्जाविना, जमलेल्या निधीतूनच व्हावा अशी मांडणी केली आहे, म्हणजे सभागृहातले साधे बहुमत पुरेल.