प्रजासत्ताक की गणराज्य? मुलांना नेमकं काय सांगायचं

शिकवणीताई:
सातवीच्या मुलांना नागरिकशास्त्र शिकवते. पुस्तकात सुरुवातीलाच उद्देशिका असते, तिच्यात 'सार्वभौम समाजवादी धर्मनिरपेक्ष लोकशाही गणराज्य' असं आहे, आणि २६ जानेवारीला मात्र आपण प्रजासत्ताक दिन म्हणतो. एका मुलीने चाचणीत 'भारत गणराज्य आहे' लिहिलं तर शाळेत चूक दिलं, शेजारी लाल शाईने 'प्रजासत्ताक'. दोन्ही एकच ना? आणि मग लोकशाही वेगळी कशी, हे या वयाच्या मुलांना कसं सांगता तुम्ही?

माणदेशी:
गुण मिळायलाच पाहिजेत, संविधानातला शब्द चूक कसा काय? पण आमच्याकडं गण म्हटलं की पंचायत समितीचा गण. जिल्हा परिषदेचा गट, पंचायत समितीचा गण, निवडणुकीत पोरं हेच ऐकतात. पुतण्याला वाटायचं असे सगळे गण मिळून गणराज्य होतं. आणि गावात दोन्ही शब्द कुणी बोलत नाही, सव्वीस जानेवारीचं झेंडावंदन म्हणतात.

पेठकर:
मला प्रजासत्ताक पहिल्यापासून खटकतो. प्रजा राजाची असते. राजाच नाही तर प्रजा कुठली, आपण नागरिक आहोत. गणराज्य हा आपला जुना शब्द, वैशालीच्या लिच्छवींचं गणराज्य होतंच की. तोच सगळीकडे वापरावा.

वाचनवेडी:
पेठकर, प्रजा म्हणजे संततीसुद्धा, राजाशी काही संबंध नाही त्याचा. आणि राजसत्ताकच्या समोर प्रजासत्ताक ठेवा, ज्यांच्यावर सत्ता चालायची त्यांच्याच हाती ती आली हे शब्दातच दिसतं. गणराज्यात नाही दिसत. लिच्छवींकडे सत्ता ठरावीक क्षत्रिय कुळांचीच होती, सगळ्यांना मत कुठे होतं?
ताई, मी मुलांना ब्रिटन सांगते. तिथे लोकशाही आहे पण प्रजासत्ताक नाही, कारण राष्ट्रप्रमुख वंशपरंपरेने येतो, आपला राष्ट्रपती निवडून येतो. आपणही १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झालो तरी २६ जानेवारी १९५० पर्यंत राजा सहावा जॉर्जच होता, त्याच्या वतीने गव्हर्नर जनरल, आधी माउंटबॅटन मग राजगोपालाचारी. एवढं सांगितलं की दोन वेगळे दिवस का साजरे करतो ते मुलांना लगेच कळतं.

इंदूरवासी:
आमच्याकडे शाळेत गणतंत्र दिवस आणि घरी आई प्रजासत्ताक दिन म्हणायची. लोकतंत्र, गणतंत्र मराठीत बसत नाहीत कारण मराठीत तंत्र म्हटलं की शिवणाचं तंत्र, गाण्याचं तंत्र असंच डोक्यात येतं. म्हणून लोकशाही.

पेठकर:
पण त्यातला शाही फारसी. निजामशाही, आदिलशाही. महाराजांनी राज्यव्यवहारकोश कशासाठी करवून घेतला मग? लोकराज्य म्हणता आलं असतं.

माणदेशी:
अहो शिवशाही म्हणतोच की आपण! हुकूमशाही, नोकरशाही, घराणेशाही, मराठीच झालाय तो प्रत्यय. तहसीलदार पण काढणार का? तलाठ्याचं ग्राम महसूल अधिकारी केलं, तरी गावात भाऊसाहेब आले का असंच विचारतात.

इंदूरवासी:
विषय निघालाच आहे तर, हिंदीत प्रधानमंत्री आणि मराठीत पंतप्रधान का? मुलगी विचारते हे पंत कोण. अष्टप्रधानातून आलं ना?

पेठकर:
हो. १६७४ ला राज्याभिषेकाच्या वेळी पदांना संस्कृत नावं दिली. पेशव्याचं पंतप्रधान, मुजुमदाराचं अमात्य, सुरनिसाचं सचिव, डबिराचं सुमंत, सरनौबताचं सेनापती. मी म्हणतो ते हेच, राज्य आपलं तर शब्दही आपले.

माणदेशी:
आणि लोक पुढं शंभर वर्षं पेशवेच म्हणत राहिले. पेशवाई म्हणतो आपण, पंतप्रधानकी कोण म्हणतं?

वाचनवेडी:
पण सचिव टिकला ना, आणि सेनापतीही. मंत्रालयात सचिव असतात, पक्षात मात्र सरचिटणीस. माझ्या मते सरकारी तो सचिव आणि संस्थेचा तो चिटणीस.

पेठकर:
नाही पटत. आमच्या सोसायटीत सचिवच म्हणतात, पाटीवरही तेच आहे.

इंदूरवासी:
मुळात चिटणीस म्हणजे चिठ्ठ्या लिहिणारा का?