मदत हवी आहे: ब्लेड मालिकेचा तेरावा भाग कुठे मिळेल? (तातडीने)

पडीक_प्रेक्षक
काल रात्री जागून 'ब्लेड'चा (व्हँपायर मारणाऱ्या ब्लेडवरची मालिका) बारावा भाग संपवला, आणि मालिका तिथेच संपते असं दिसतंय. हे काय आहे? क्रिस्टाचं पुढे काय? मार्कसचं काय? नेटवर बघावं तिथे १३ भाग लिहिलेत, माझ्याकडे १२ आहेत. ज्याच्याकडून घेतले तो म्हणतो, "होते तेवढे सगळे दिले." शनिवारी रूमवर सगळे मिळून शेवट बघायचं ठरलंय, त्याआधी तेरावा पाहिजे. शेवट माहीत असेल त्यांनी कृपया इथे फोडू नका.

भुरटा_समीक्षक
ब्लेडचे तीनच तर सिनेमे आहेत हो. १९९८, २००२, २००४. त्यातला तिसरा न पाहिलेलाच बरा. तेरावा कुठून काढलात?

पडीक_प्रेक्षक
मालिका. सिनेमा नाही. शीर्षकात लिहिलंय.

ठोंब्या
ती खासगी गुप्तहेर व्हँपायरवाली का? लॉस एंजेलिसमधली? ती मूनलाइट. सीबीएसवर होती, १६ भाग झाले आणि २००८ मध्ये बंद केली. आमच्या बहिणीने तेव्हा दोन दिवस जेवण सोडलं होतं. त्यात तेरावा भाग आहे की, आणि त्यापुढचे तीनही आहेत.

पडीक_प्रेक्षक
ब्लेड. ब्ले-ड.

जुना_डीव्हीडीवाला
आधी हे सांगा: डीव्हीडी आहे की फाइली? डीव्हीडी असेल तर अमेरिकेतून आणलेली का? तिचा रीजन (कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल त्याचा क्रमांक) १ असतो, आपल्याकडचे प्लेअर रीजन ५ चे. व्हीएलसी टाका, लॅपटॉपवर चालून जाते बहुतेक. माझ्याकडे जुना चायनीज प्लेअर होता, रिमोटवर ठरावीक बटणं ओळीने दाबली की कुठलाही रीजन घ्यायचा. आता असे प्लेअर राहिले नाहीत. हल्ली लोक सदस्यत्वाचे पैसे भरतात आणि हातात काही राहत नाही.

पडीक_प्रेक्षक
फाइली आहेत, चालतायत, दिसतंय सगळं. प्लेअरबद्दल मी काही विचारलंच नाही.

निशाचर
पहिली फाइल किती वेळाची आहे?

पडीक_प्रेक्षक
त्याचा काय संबंध? तेरावा हवाय, पहिला नाही.

निशाचर
आहे संबंध. बघून सांगा.

मिशिगनची_मावशी
मालिका डेट्रॉइटमध्ये घडते असं वाचून आम्ही नोव्हीत (डेट्रॉइटजवळच) सगळे हौसेने बसलो होतो. आमचं डेट्रॉइट त्यात शोधून सापडेना! चित्रीकरण सगळं कॅनडात, व्हँकुव्हरला. सतत ओले रस्ते बघूनच शंका आली होती. डेट्रॉइट नदीपलीकडे विंडसर, तेही कॅनडाच. कॅनडातच जायचं होतं तर पूल ओलांडला असता तरी भागलं असतं. आमच्या मंडळाच्या गणपतीत एकाने यावर छान नक्कल केली होती.

भुरटा_समीक्षक
अच्छा, ती मालिका! २००६, स्पाइक वाहिनी. पाहिलेय मी. स्पष्ट सांगतो, सिनेमातल्या वेस्ली स्नाइप्सशिवाय ब्लेड म्हणजे मिठाशिवाय वरण. मालिकेत ब्लेड झालेला कर्क जोन्स रॅपर म्हणून मोठा माणूस आहे, ऑनिक्स या रॅप गटातला स्टिकी फिंगाझ तो. पण काळा चष्मा लावून दात-ओठ खाल्ले की ब्लेड होत नाही. स्नाइप्स नुसता उभा राहिला तरी समोरचा मागे सरकायचा.

काजळमाया
पूर्ण असहमत. ही मालिका ब्लेडची नाहीच, क्रिस्टाची आहे. इराकहून परतलेली सैनिक, जुळा भाऊ मारला गेलाय, त्याचा माग काढत ती क्थॉन या व्हँपायर घराण्यात पोचते. मार्कस तिला व्हँपायर करतो आणि ब्लेड तिला सीरम (रक्ताची भूक दाबणारं औषध) देऊन त्याच घरात परत पाठवतो, हेर म्हणून. इकडे ब्लेडला खबर द्यायची, तिकडे मार्कसच्या मेजावर बसायचं, आणि समोर ग्लासात रक्त. तिची भूक तिला आवरता येत नाही ते प्रसंग बघा पुन्हा. जिल वॅगनरने ते अंगावर आणलंय. स्नाइप्स असता तर क्रिस्टाला इतकी जागाच मिळाली नसती.

भुरटा_समीक्षक
मग मालिकेला नाव क्रिस्टा द्यायचं. ब्लेडच्या नावावर प्रेक्षक गोळा करायचे आणि ब्लेड गॅरेजमध्ये त्याचा साथीदार शेनबरोबर तलवारीला धार लावत बसलेला. बंद पडली त्यात नवल काय?

काजळमाया
म्हणून बंद पडली नाही. पहिल्या भागाला २५ लाखांच्या आसपास प्रेक्षक होते, त्या वाहिनीसाठी ते भरपूर होते.

भुरटा_समीक्षक
पहिल्या भागाला सगळेच येतात. लग्नात अक्षता टाकायला असतात तेवढे लोक पंगतीला शेवटपर्यंत नसतात.

काजळमाया
आमच्याकडे उलटं असतं.

राखुंडी
मुळात स्पाइक ही 'पुरुषांची वाहिनी' म्हणून मिरवायची. कुस्ती, केजमधल्या मारामाऱ्या, हे तिथलं गिऱ्हाईक. त्यांच्यापुढे बाईच्या दुहेरी आयुष्याची गोष्ट ठेवली आणि वर रोजच्या हाणामाऱ्या, मेकअप, राख होऊन उडणारे व्हँपायर, म्हणजे खर्च आलाच. दोन्हीकडून पंचाईत. माझ्या मते तिथेच गणित बिघडलं. वाहिनीचं नावसुद्धा २०१८ मध्ये बदलून पॅरामाउंट झालं.
राखेवरून आठवलं, मेलेल्या व्हँपायरची राख माणसं नाकाने ओढतात आणि थोडा वेळ अंगात बळ येतं, ही कल्पना मला सगळ्यात आवडली होती. तिचा चोरटा धंदा, ती विकणारी पोरं. त्यावर एक पूर्ण सीझन निघाला असता. सिनेमांना असलं काही सुचलं नव्हतं.

ठोंब्या
राख ओढतात?? शी. मूनलाइटमध्ये असलं काही नव्हतं. तो रीतसर पिशवीतलं रक्त प्यायचा.

पडीक_प्रेक्षक
चर्चा छान चाललीये. तेरावा भाग?

निशाचर
पहिली फाइल?

पडीक_प्रेक्षक
दीड तासाच्या आसपास. बाकीच्या पाऊण तासाच्या आतल्या. खूश?

निशाचर
झालं तर मग. पहिला भाग जाहिरातींसकट दोन तासांचा होता, २८ जून २००६ ला एकाच रात्री दाखवला. काही याद्यांमध्ये त्याचे दोन भाग धरतात, म्हणून १३. तुमच्या फायलीत तो सलग आहे, म्हणून १२. पडताळून बघा: २८ जूनपासून १३ सप्टेंबरपर्यंत दर बुधवारी, बरोबर बारा बुधवार. तुमच्या शेवटच्या फायलीचं नाव 'कॉन्क्लेव्ह' असेल तर तोच शेवट. त्यापुढे काही चित्रित झालेलं नाही. सप्टेंबरच्या अखेरीस, म्हणजे शेवटचा भाग दाखवून दोन आठवडे होतात न होतात तोच मालिका रद्द केली.

पडीक_प्रेक्षक
कॉन्क्लेव्हच आहे. म्हणजे तो शेवट नव्हताच, पुढच्या सीझनची तयारी होती? मग 'संपूर्ण मालिका' म्हणून कशाला विकतात? आणि हे पहिल्याच प्रतिसादात सांगता आलं असतं की.

निशाचर
फाइल किती वेळाची ते तुम्ही पहिल्याच वेळी सांगितलं असतं तर सांगितलं असतं.

जुना_डीव्हीडीवाला
'संपूर्ण' संच २००८ मध्ये आला. त्याआधी पहिला भाग 'हाउस ऑफ क्थॉन' नावाने वेगळी डीव्हीडी म्हणून निघाला होता, सिनेमासारखा. म्हणून आणखी गोंधळ. ती वेगळी डीव्हीडी कुणी तेरावा भाग म्हणून गळ्यात मारायला लागलं तर घेऊ नका, तुमच्या पहिल्या फायलीतलीच गोष्ट आहे.

अंकमोजणी
पुढची गोष्ट हवी असेल तर कॉमिक्स वाचा. त्याच २००६ मध्ये मार्व्हलने ब्लेडचं नवं कॉमिक सुरू केलं. मार्क गुगनहाइमचं लेखन, हॉवर्ड चेकिनची चित्रं, पुरे १२ अंक.

पडीक_प्रेक्षक
त्यात क्रिस्टाचं पुढे काय होतं?

अंकमोजणी
त्यात क्रिस्टा नाही. पण कॉमिक उत्तम आहे. मुळात ब्लेड हे पात्रच १९७३ चं, मार्व्ह वुल्फमन आणि जीन कोलन यांचं, ड्रॅक्युलाच्या कॉमिकमध्ये आलेलं. तिथून सुरुवात केलीत तर मालिकेची गरजच राहणार नाही.

काजळमाया
त्याने पुढचं काय ते विचारलंय आणि तुम्ही त्याला १९७३ ला नेताय.

राखुंडी
@पडीक_प्रेक्षक, मालिकेत मार्कस जन्मजात व्हँपायर नाही, झालेला आहे, आणि शुद्ध रक्ताची जुनी घराणी त्याला हलकं लेखतात. त्याचा सगळा डाव त्या अपमानातून आलाय, हे धरून शेवटचे तीन भाग पुन्हा बघा. ब्लेडचं सोडा, मार्कसचं वर्तुळ बऱ्यापैकी पुरं होतं. शनिवारी पोरांना तेवढं दाखवलंत तरी कुणी शिव्या घालणार नाही.

भुरटा_समीक्षक
मी घालीन. आणि खरा ब्लेड बघायचा तर स्नाइप्स २०२४ मध्ये 'डेडपूल अँड वुल्व्हरिन' सिनेमात परत आलाय, साठी ओलांडून. थिएटरमध्ये शिट्ट्या पडल्या.

मिशिगनची_मावशी
तो नवीन ब्लेड येणार होता ना, माहर्शाला अलीचा? माझा मुलगा शाळेत होता तेव्हा जाहीर झालेला.

अंकमोजणी
२०१९ ला जाहीर झाला. दिग्दर्शक बदलले, तारखा बदलल्या, नोव्हेंबर २०२५ ची तारीख होती तीही २०२४ मध्ये काढून टाकली. म्हणून म्हणतो, कॉमिक्स.

पडीक_प्रेक्षक
ब्लेड बास. शनिवारी दुसरं काहीतरी लावतो. व्हँपायर, मारामारी, आणि पुरं असलेलं सुचवा. अधांतरी सोडलेलं नको, आधीच सांगतो.

ठोंब्या
मूनलाइट.

काजळमाया
एंजल. पाच सीझन, ११० भाग. तीही २००४ मध्ये रद्दच केली, पण आधी कळवलं होतं, त्यामुळे शेवट विचार करून लिहिलाय. गल्लीत पाऊस, समोर राक्षसांची फौज, आणि हे चौघं उभे. त्या शेवटावरून लोक अजून भांडतात, पण तो शेवट आहे.

राखुंडी
११० भाग शनिवारी एका रात्रीत कसे बघायचे? ब्रिटिश अल्ट्राव्हायोलेट बघा, १९९८ ची, चॅनल फोर. सहाच भाग. तरुण इद्रिस एल्बा आहे त्यात. व्हँपायर कॅमेऱ्यात दिसत नाहीत, म्हणून त्यांना मारणाऱ्यांच्या बंदुकीलाच छोटा कॅमेरा लावलेला. डोळ्यांना माणूस दिसतोय आणि पडद्यावर नाही, की घाला गोळी.

पडीक_प्रेक्षक
भारी. सहाव्या भागात संपते ना पण?

राखुंडी
सहा भागांनंतर दुसरा सीझन आला नाही, इतकंच सांगतो.