रेमुटाका घाटासाठी जुनी हायब्रिड: अॅक्वा की फिट?

मुग्धा_अपरहट

नमस्कार मंडळी. न्यूझीलंडमधल्या, आणि त्यातही जुन्या जपानी गाड्या वापरणाऱ्या लोकांचा सल्ला हवा आहे.

मी नर्स आहे. राहते अपर हटला आणि गेल्या महिन्यापासून नोकरी मास्टरटनला. वेलिंग्टनकडच्यांना सांगायला नको, मध्ये रेमुटाका घाट आहे. बाकीच्यांनी आपला खंबाटकी डोळ्यांसमोर आणा, वळणं वाढवा, माथा ५५५ मीटरवर न्या आणि वारा इतका सोडा की गाडीचं दार उघडताना दोन्ही हातांनी धरावं लागतं. एका बाजूला साधारण ७० किमी, आठवड्यातून चार वेळा, त्यात दोन रात्रपाळ्या. घाटात काही वळणांवर माझ्या फोनला रेंज नसते.

सध्याची गाडी २००४ची. वॉरंट ऑफ फिटनेस (गाडी रस्त्यावर चालवायला ठीक असल्याचा इथला दाखला) पुढच्या महिन्यात संपतंय आणि मेकॅनिकने खाली वाकून बघितलं, उठला आणि म्हणाला, "हिच्यावर आता पैसे घालू नका." बजेट दहा हजार डॉलर, ओढूनताणून साडेदहा. कर्ज नको आहे, साताऱ्याच्या घराचा हप्ता चालू आहे.

दोन गाड्या बघितल्यात, दोन्ही हायब्रिड, म्हणजे पेट्रोलचं इंजिन आणि जोडीला विजेची मोटर. होंडा फिट हायब्रिड, २०१४ची, ६२ हजार किमी, ९,४०० डॉलर. आणि टोयोटा अॅक्वा, २०१५ची, १ लाख १८ हजार किमी, ९,८०० डॉलर. दोन्ही डीलरकडे, दोन्ही जपानहून आलेल्या. फिटमध्ये जागा भरपूर, मागची सीटं अशी दुमडतात की सायकल उभी राहील, आणि चालवायला चपळ. अॅक्वाच्या मागच्या सीटवर पाच मिनिटं बसले, तेवढं पुरलं. मन फिटवर बसलंय. किमीही निम्मे.

बाबा साताऱ्याच्या एसटी डेपोत ३१ वर्षं मेकॅनिक होते. त्यांचं म्हणणं, "एक इंजिन सांभाळताना जीव जातो, तू दोन विकत घेतेस. साधी पेट्रोलची घे." त्यांना काय उत्तर द्यावं ते मला कळत नाही, कारण ऐकायला बरोबर वाटतं.

पेट्रोल वाचायला हवंच, पण ते दोन नंबरला. रात्री घाटात बंद पडू नये, हे एक नंबरला.

पौडफाट्याचा_पप्या

आमच्याकडे २०१९ची बलेनो आहे, स्मार्ट हायब्रिड. सहा वर्षांत कशाला हात लावला नाही. हायब्रिडला घाबरायचं कारण नाही. कमी चाललेली घे, विषय संपला.

हॅमिल्टनची_शुभांगी

मुग्धा, माझ्याकडे हीच फिट हायब्रिड आहे, २०१४ची, पाच वर्षं झाली. रस्त्यात कधी थांबली नाही. दोन मुलं, त्यांची दप्तरं, क्रिकेटचं किट, सगळं मावतं. पण खरं सांगायचं तर हॅमिल्टन हे ताटासारखं सपाट गाव आहे. माझा रोजचा सगळ्यात मोठा चढ म्हणजे सुपरमार्केटच्या पार्किंगचा रॅम्प. घाटाचं मला विचारू नकोस.

पाना_नंबर_१२

मुग्धाताई, मी मूळचा कोल्हापूरचा, १९ वर्षं दक्षिण ऑकलंडमध्ये गॅरेजात काम करतोय. जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

आधी पप्याशेठ. बलेनोतली हायब्रिड वेगळी. तिथं छोटी मोटर इंजिनाला हात लावते, थांबलेलं इंजिन पटकन उठवते, पण एकटी चाकं फिरवू शकत नाही. अॅक्वा आणि फिटमध्ये मोटर एकटी गाडी ओढते. म्हणून तुमची सहा वर्षं इथं पुरावा म्हणून चालणार नाहीत. राग मानू नका.

आता बाबांचा मुद्दा. एसटीतला माणूस, त्यांना असं सांगून बघा. अॅक्वाचं बॉनेट उघडलं तर सेल्फ नाही. अल्टरनेटर नाही. एकही पट्टा नाही, कारण पाण्याचा पंप विजेवर, एसीचा कॉम्प्रेसर विजेवर, स्टिअरिंग विजेवर. क्लच नाही. गिअरबॉक्समध्ये गिअर बदलतच नाहीत. प्लॅनेटरी गिअरची, म्हणजे मधल्या चाकाभोवती फिरणाऱ्या दातेरी चाकांची रचना आहे, तिचे दात कायम एकमेकांत अडकलेले, आणि दोन मोटरींचा वेग कमीजास्त करून सगळा खेळ चालतो. साध्या गाडीत दीड-दोन लाख किमीला आमच्या हाताला येणाऱ्या निम्म्या वस्तू या गाडीत बसवलेल्याच नाहीत. बाबा म्हणतात तसं दुसरं इंजिन आलं खरं, पण येताना ते पाच-सहा दुखणी घेऊन गेलं.

फिटमध्ये मात्र तसं नाही. त्या पिढीच्या फिटमध्ये सात गिअरचा डबल क्लच गिअरबॉक्स आहे, म्हणजे दोन क्लच आळीपाळीने गिअर बदलतात, आणि त्याच्यातच मोटर बसवलेली. क्लच कोरडे, म्हणजे तेलात न बुडवलेले. सपाटीला छान, शुभांगीताई खोटं बोलत नाहीत. चढावर वाहनांची रांग लागली, बॅटरी उतरली, गाडी मुंगीच्या पावलांनी सरकतेय, अशा वेळी क्लच घासत राहतो आणि तापतो. ही गाडी जपानमध्ये २०१३च्या सप्टेंबरात आली आणि ऑक्टोबर २०१४पर्यंत पाच वेळा रिकॉल झाली, म्हणजे कंपनीने दुरुस्तीसाठी परत बोलावली; बरेचसे रिकॉल त्या गिअरबॉक्सच्या आणि हायब्रिडच्या प्रोग्रॅमपायी. २०२०च्या फिटमध्ये होंडाने तो डबल क्लच काढून टाकला, साधी दोन मोटरींची रचना घेतली. कंपनीनेच सोडलेली वस्तू तुम्ही रेमुटाकावर कशाला न्यायची?

आता मी टोयोटाचा भाट आहे असं समजू नका. तिसऱ्या पिढीची प्रियस, २००९ ते २०१५, तीही टोयोटाचीच. तिच्या १.८ इंजिनाचा ईजीआर कूलर (इंजिनाचा थोडा धूर गार करून परत आत सोडणारा भाग) काजळीने तुंबतो आणि पुढे हेड गॅस्केट जातं, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना पाठ आहे. अॅक्वात वेगळं, १.५चं जुनं इंजिन आहे, म्हणून मी अॅक्वा म्हणतोय. बोनेटवरचा बिल्ला बघून म्हणत नाही.

राहता राहिली बॅटरी. सगळे हिलाच घाबरतात. निकेल मेटल हायड्राइडची, २० मॉड्यूल एका ओळीत, मागच्या सीटखाली. एक मॉड्यूल ढिलं पडलं की माळ ढिली पडते. पण ती बहुतेक वेळा आधी कुरकुर करते: पंखा ओरडायला लागतो, स्क्रीनवरच्या बॅटरीच्या काड्या दोनवरून सातवर आणि सातवरून दोनवर उड्या मारतात, मग डॅशबोर्डवर धोक्याचा लाल त्रिकोण. तुमच्या प्रश्नात मला हेच महत्त्वाचं वाटतं. कोणती गाडी बिघडेल हे कुणी सांगू शकत नाही. बिघडताना आधी खोकते की सरळ आडवी होते, हे मात्र बघून ठेवता येतं. तुमच्यासारख्या रात्रीच्या माणसाला खोकणारी गाडी परवडते.

आणि हायब्रिड सर्वांत जास्त वेळा बंद कशाने पडते माहितीये? छोट्या १२ व्होल्टच्या बॅटरीने. ती गेली की कॉम्प्युटर उठत नाही, 'रेडी' येत नाही, मग मोठी बॅटरी भरलेली असून काय उपयोग? नवी घालून घ्या आणि डिकीत जंप-पॅक, म्हणजे गाडी उठवायची छोटी बॅटरी ठेवा.

मुग्धा_अपरहट

दादा, चहा दोन वेळा झाला वाचताना. खूप आभार.

सेल्फ नाही हे बाबांना सांगितलं. फोनवर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग सुरू कशी होते?"

दोन शंका. १ लाख १८ हजार किमी खरे कशावरून? आणि डीलरकडे बघताना नेमकं काय बघू?

पाना_नंबर_१२

बाबांना सांगा, दोनपैकी छोटी मोटरच इंजिनाला फिरवून उठवते. आणि तीच पुढे जनरेटरही होते.

किमीचं सोपं आहे. गाडी बंदरावर उतरते तेव्हा आकडा नोंदवतात आणि नंतर प्रत्येक वॉरंटच्या वेळी. कारजॅम या वेबसाइटवर नंबरप्लेट टाकून सगळी ओळ बघा, आकडा कुठे मागे गेलाय का. जपानचा लिलावाचा कागद मागा. ४ किंवा ४.५ ग्रेड चांगला, 'आर' लिहिलं असेल तर अपघात होऊन दुरुस्त झालेली. काचेवर लावलेली ग्राहक माहितीची नोटीस पूर्ण वाचा, गाडी मोडलेल्या अवस्थेत आयात झाली असेल तर त्यावर लिहावं लागतं.

तपासायला सकाळी जा आणि आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर "थोड्या वेळाने येते" म्हणा आणि दुसऱ्या दिवशी जा. थंड इंजिन पहिल्यांदा उठताना थडथडलं नाही पाहिजे. कूलंटच्या टाक्या दोन असतात, इंजिनाची आणि इन्व्हर्टरची (बॅटरीची वीज मोटरीला चालेल अशी करणारा भाग), दोन्हीची पातळी बघा. दार उघडल्यावर घुर्र असा आवाज येतो, तो ब्रेकचा पंप, घाबरू नका; पण उभ्या गाडीत ब्रेक दाबत राहिलात आणि प्रत्येक दाबाला पंप लागला तर ती गाडी सोडा, ते काम महाग आहे. मग एखाद्या लांब चढावर घ्या आणि काड्या बघत राहा.

शेवटी मागच्या सीटच्या पायथ्याची जाळी. बॅटरीचा पंखा तिथून हवा ओढतो. मालकाकडे कुत्रा होता का, हे ती जाळी सांगते.

क्राइस्टचर्चचा_बंड्या

एक आगाऊ सल्ला. डीलरकडूनच घे, दोनशे-तीनशे जास्त गेले तरी. मी एक हायब्रिड खाजगीत घेतली होती. कंपनीचं नाव घेत नाही, दोष कंपनीचा नव्हता, माझ्या घाईचा होता. तिसऱ्या आठवड्यात लाल त्रिकोण. विकणारा माणूस भला होता, पण डीलर नव्हता, त्यामुळे १९९३चा ग्राहक हमी कायदा त्याला लागू नव्हता. २,२०० डॉलर माझ्या खिशातून गेले. डीलर असता तर निदान भांडायला गाड्यांच्या तक्रारींचं न्यायाधिकरण तरी होतं.

बायको अजून त्या त्रिकोणाचा वाढदिवस करते.

मुग्धा_अपरहट

बारा दिवसांनी परत आलेय. अॅक्वा घेतली.

पहिल्या वेळी बॉनेट गरम होतं, दादा. दुसऱ्या दिवशी साडेआठला गेले. विकणाऱ्याने ओळखलं आणि हसला. सुरू होताना थडथड नाही, टाक्या भरलेल्या, ब्रेकचा पंप दाबांमागे एखाद्या वेळी. कारजॅमवर ओळ सरळ. जपानमधून ७४ हजारांवर आलेली, मग इथं एकच मालक. लिलावाचा कागद डीलरकडे नव्हता, हे एक मनात राहिलं.

जाळी मात्र तुम्ही म्हणालात तशी. पांढऱ्या केसांचं नमदं निघालं, एका छोट्या कुत्र्याचा स्वेटर होईल एवढं. मी ते काढून टेबलावर ठेवलं. बाहेरच्या तपासणीवाल्याला बोलावून बॅटरीच्या एकेका ब्लॉकचा व्होल्टेज वाचून घेतला, सगळे आकडे एकमेकांच्या जवळ होते. पंखा काढून साफ करून, १२ व्होल्टची नवी बॅटरी घालून ९,४०० ला दिली. म्हणजे फिटच्याच किमतीत. फिटकडे जाताना एकदा वळून बघितलं, नाही म्हणत नाही. ती सीटं खरंच छान होती.

तीन पाळ्या झाल्या. चढावर इंजिन ओरडतं, पहिल्या रात्री दचकले, आता सवय झाली. पलीकडे, मास्टरटनच्या बाजूच्या फेदरस्टनकडे उतरताना अर्ध्या घाटातच बॅटरीच्या काड्या भरतात आणि मग इंजिन आपोआप जोरात फिरायला लागतं, पेट्रोल न घेता. बरोबर ना हे? आतापर्यंत लिटरला २१ पडलेत. बाबांना २१ आकडा पटला नाही, पावतीचा फोटो पाठवावा लागला.

एक त्रास आहे. रोज गाडी सुरू केली की एक जपानी बाई गोड आवाजात म्हणते, "ईटीसी काडो गा सोन्यू सारेते इमासेन." सकाळी सात वाजता, रात्रपाळीनंतर. काय म्हणते ती? आणि रेडिओवर दोनच स्टेशनं लागतात.

पाना_नंबर_१२

अभिनंदन. उताराचं बरोबर आहे. बॅटरी भरली की ऊर्जा ठेवायला जागा नसते, म्हणून इंजिन फुकट फिरवून गाडी आवळतात. माथ्यावरच गिअरचा दांडा 'बी'मध्ये टाका, ब्रेक थंड राहतील.

ती बाई म्हणते, टोलचं कार्ड घातलेलं नाही. जपानच्या टोलनाक्याचं यंत्र आहे, इथं त्याचा उपयोग शून्य. बहुतेक स्टिअरिंगच्या खाली किंवा डॅशबोर्डच्या कप्प्यात छोटा डबा असेल, त्याचा प्लग काढा. रेडिओ जपानी आहे, ७६ ते ९० मेगाहर्ट्झ एवढंच ऐकतो; वीस-तीस डॉलरचा बँड एक्स्पांडर मिळतो, एरियलच्या वायरीत बसवायचा.

जाळी दर सहा महिन्यांनी. कुत्रा पाळू नका.

मुग्धा_अपरहट

डबा सापडला, कप्प्यातच होता. प्लग अजून काढलेला नाही. बाबांना व्हिडिओ कॉलवर गाडी दाखवत होते, तेवढ्यात ती बोलली आणि बाबा म्हणाले, "राहू दे गं, रात्रीची सोबत आहे."

मांजर चालेल का, दादा?