विषय: ज्येष्ठ नागरिक संघात २० मिनिटं, बहिणीने काय बोलावं?

नमस्कार मंडळी,
माझी धाकटी बहीण पुण्यात सिंहगड रस्त्याला घरच्या घरी भाजण्या करून विकते. थालीपिठाची, चकलीची, उपासाची. हाताला चव आहे, पण गिऱ्हाईक सोसायटीबाहेर जात नाही. आता जवळच्या ज्येष्ठ नागरिक संघाने २० मिनिटं बोलायला बोलावलंय आणि तिला घाम फुटलाय. पुण्यात परतलेल्यांपैकी कुणाला अनुभव आहे का?

उत्तर:
नमस्कार,
मी आपलं मंडळ सोडून पुण्यात परतले ती कोथरूडला तेलाचा लाकडी घाणा टाकायला. जाहिरातीला पैसे नव्हते, म्हणून बोलत गेले. ज्येष्ठ नागरिक संघ, महिला मंडळं, सोसायट्यांचे गणपती. आज माझं निम्मं गिऱ्हाईक त्यातूनच आलेलं आहे.

पहिलं भाषण फसलं. एका सोसायटीत पाऊण तास तेलाचे फायदे सांगितले. लोकांनी शांतपणे ऐकलं आणि घरी गेले. पुढच्या वेळी शेंगदाणे, पेंड आणि न गाळलेलं तेल घेऊन गेले. ताटली हातोहात फिरली. लिटरभर तेलाला माझ्या घाण्यावर अडीच किलोच्या आसपास दाणे लागतात, हे आणि दाण्यांचा भाव फळ्यावर लिहिला. गुणाकार समोरच्या आजींनीच केला. ‘एवढं महाग का’ हा प्रश्न तिथेच मिटला.

तुझ्या बहिणीने भाजण्याबद्दल बोलावं. बाजरी, तांदूळ, हरभरा डाळ, उडीद, धणे वेगवेगळे का भाजायचे? एकत्र टाकले तर डाळ भाजली जाईपर्यंत धणे करपतात. नीट भाजलेली आणि कच्ची राहिलेली अशा दोन वाट्या वासाला फिरवाव्यात. निम्म्या आजी स्वतःची रीत सांगू लागतील. सांगू द्यावं, वेळ गेला तरी चालेल.

एक मात्र जपावं. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला १८७५ पासूनची. इथल्या माणसांना ऐकायची सवय आहे आणि प्रश्न विचारायचीही. ‘याने साखर उतरते’ असलं काही बोलू नये. आजार बरा होतो असा दावा खाण्याच्या पदार्थाबद्दल करणं कायद्यातही बसत नाही. पाकिटावर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक हवाच, कुणीतरी पाकीट उलटून बघतंच.

भीती घालवायला टोस्टमास्टर्सचा, म्हणजे भाषणाचा सराव करून घेणाऱ्या संस्थेचा, मला फार उपयोग झाला. पुण्यात त्यांचे बरेच क्लब आहेत. ५ ते ७ मिनिटांचं भाषण, वेळ दाखवायला हिरवा, पिवळा, लाल दिवा. आटोपतं बोलायला मी तिथे शिकले.

पुन्हा प्रश्न:
ताई, मनापासून आभार. पाकिटं तिथेच विकायला ठेवावीत का? तिला संकोच वाटतो.

उत्तर:
संघाच्या अध्यक्षांना आधी विचारावं. बोलताना विक्रीचा विषय नको. नंतर दाराशी टेबल, पाव किलोची पाकिटं आणि नाव-नंबर लिहायला वही. पहाटे उठून भाजलेल्या मालाचे पैसे मागण्यात संकोच कसला?

आणि संक्रांतीआधी एखाद्या महिला मंडळात बोलावंच. रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवं चालतात. माझ्या भाषणाला आलेल्या एका आजींच्या सुनेने वाणासाठी १०० मिलीच्या बाटल्या मागवल्या होत्या, पुढच्या वर्षी तिच्या दोन मैत्रिणींनीही. छोट्या पुड्यांचा भाव बहिणीने आत्ताच काढून ठेवावा.