व्यापारी जहाजावर तोफ बसवणे योग्य होते का?

मूळ मांडणी
पहिल्या महायुद्धात, ३० डिसेंबर १९१५ रोजी दुपारी, मुंबईकडे निघालेले ‘पर्शिया’ हे ब्रिटिश प्रवासी जहाज क्रीट बेटाजवळ जर्मन पाणबुडीने कोणतीही पूर्वसूचना न देता बुडवले. प्रवासी नुकतेच जेवायला बसले होते. काही मिनिटांतच जहाज तळाशी गेले आणि ५१९ पैकी ३४३ जण दगावले. जहाजावर ४.७ इंची तोफ होती, पण तिचा काडीचाही उपयोग झाला नाही. व्यापारी जहाज आधी थांबवावे, त्याची झडती घ्यावी आणि बुडवायचेच असेल तर माणसांना सुरक्षित उतरवावे, हा जुना सागरी नियम. मात्र एका गोळ्याने निकामी होऊ शकणारी पाणबुडी समोर तोफ दिसत असताना वर येऊन इशारा देईल, ही अपेक्षा कशाच्या आधारावर ठेवायची? जहाजांनी तोफा उतरवाव्यात आणि पाणबुड्यांनी नियम पाळावा, असा तोडगा अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री रॉबर्ट लॅन्सिंग यांनी जानेवारी १९१६ मध्ये सुचवला होता. ब्रिटनने तो नाकारला, ही घोडचूक होती असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद १
मी असहमत आहे, कारण आपण घटनाक्रमच उलटा लावला आहे. ‘लुसिटानिया’ या ब्रिटिश प्रवासी जहाजावर एकही तोफ बसवलेली नव्हती, तरीही ७ मे १९१५ रोजी ती अठरा मिनिटांत बुडवली गेली आणि सुमारे १,२०० माणसे मेली. शिवाय पाणबुडीजवळ टॉर्पेडो मोजकेच असत, त्यामुळे निःशस्त्र जहाज दिसले की ती वर येऊन डेकवरच्या तोफेने काम भागवी. जहाजावर तोफ असली की तिला पाण्याखालीच राहावे लागे आणि तिथे तिचा वेग इतका मंदावे, की जहाजाला निसटून जाण्याची संधी मिळे. ही संधी खलाशांकडून कोणत्या न्यायाने काढून घ्यायची?

प्रतिसाद २
या वादात ज्यांना कोणी विचारले नाही, त्यांच्याबद्दलही बोलायला हवे. ‘पर्शिया’ ज्या पी अँड ओ कंपनीची होती, तिच्या जहाजांवर डेकवर आणि भट्टीवर हिंदुस्थानी खलाशी, तर भोजनगृहात गोव्याची माणसे राबत. मुंबईत मशीद बंदरच्या खलाशीगृहात त्या युद्धात गेलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचे स्मारक आहे. कोकणातल्या किती घरांना ते ठाऊक असेल?

मूळ लेखकाचे उत्तर
‘लुसिटानिया’चा मुद्दा मला मान्य आहे, त्या कृत्याचे समर्थन होऊच शकत नाही. परंतु फेब्रुवारी १९१५ मध्येच ब्रिटिश आरमाराने व्यापारी जहाजांच्या कप्तानांना, पाणबुडी अचानक समोर आली तर सरळ तिच्या अंगावर जहाज घालण्याची सूचना दिली होती. कप्तान चार्ल्स फ्रायट यांनी मार्चमध्ये तसे केले आणि जर्मनांनी पुढे त्यांना पकडून जुलै १९१६ मध्ये गोळ्या घातल्या. तो घोर अन्याय होता. पण खलाशी आणि सैनिक यांच्यातली रेघ पुसण्याचा हुकूम लंडनहूनच निघाला होता, हे कसे नाकारता येईल?